मधले सूर

४ मे, शनिवार. टेशी.

पोहोचले एकदाची! केप कोस्टहून सकाळी सहाला ट्रोट्रोची व्हॅन पकडली, कासोआच्या कोंडीत दोन तास उकडून निघाले, आणि शेजारच्या बाईच्या सुक्या मासळीचा वास अजून अंगाला येतोय. पण घर बघितलं आणि सगळा शीण गेला. पिवळं, दुमजली, वरच्या खोलीच्या खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते. ती खोली माझी. आयुष्यात पहिल्यांदा खोलीत एकटी झोपणार आहे.

घरमालक मिस्टर ओकांते, सिनेमांना संगीत देतात. सगळे त्यांना मास्टर म्हणतात, म्हणून मीही. मागच्या अंगणातल्या खोलीत त्यांचा स्टुडिओ आहे. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, एकामागे एक दोन दारं, आत कॉम्प्युटर, की-बोर्ड आणि एक माइक. एवढंच! मी विचारलं, मास्टर, वाद्यवृंद कुठाय? त्यांनी एका बोटाने एक पट्टी दाबली आणि चाळीस व्हायोलिनं एकदम उठली. मी घाबरून हसलेच. म्हणाले, सिनेमात राजा मरतो तेव्हा शंभर माणसं वाजवतात, आणि ती सगळी या एवढ्याशा डब्यात राहतात. ना जेवायला मागत, ना उशिरा येत.

नाही तो फक्त माणसाच्या गळ्याचा आवाज. विकत मिळणारे गायकवृंद परदेशी, गुळगुळीत. आमच्या बायका ओळीच्या शेवटी सूर खाली घसरवतात ते त्यांना कुठून जमणार? ईस्टरच्या मेळाव्यात प्रवचन चालू असताना मी मध्येच उठून गाणं उचललं, तेव्हा मास्टर तिथे होते, म्हणून मला बोलावलं. आमच्या चर्चमध्ये तो बायकांचा हक्कच आहे. पाद्री कोरडा पडला की एकीने उठायचं, गाणं धरायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची. हे आईनेच मला शिकवलं. काचबिंदूने तिचे डोळे गेले, आवाज मात्र जसाच्या तसा आहे. मास्टरनी तिचीही फार चौकशी केली.

माझा बेत साधा आहे. माझ्या आवाजाचा सिनेमा लागला की आईला थिएटरात नेऊन बसवायचं. पडदा तिला दिसणार नाही, पण मी ऐकू येईन.

जेवायला आंटी अदोलेने पानात गुंडाळून उकडलेलं मक्याचं केंके, तळलेली मासळी आणि वाटलेली मिरची दिली. आंटी घर सांभाळते. साठीची असेल. बोलत नाही, मास्टर म्हणाले जन्मापासून मुकी आहे. मला पाहून तिने ताट जरा जोरातच आदळलं. का बरं? आई म्हणते ते खरं, मी केंकेचं पान सोलतानाही आत केंके आहे ना याची शंका घेते.

६ मे, सोमवार

आजपासून बंदी लागली. महिनाभर ढोल नाही, टाळ्या नाहीत, कर्णे नाहीत. होमोवोच्या सणाआधी इथल्या देवांना शांतता लागते, आणि ती मोडली तर राजवाड्याची माणसं येऊन ढोलच काय, भांडीही उचलून नेतात म्हणे. समोरचं चर्च आठवड्याचे सातही दिवस किंचाळतं, तेही आज चिडीचूप. मास्टर खुशीत होते. म्हणाले, लोकांची बंदी ती माझी सुगी. खरंच आहे, इतक्या शांततेत माइकला दुसरं काही ऐकूच येत नाही.

दहा ते बारा गायले. गाणं नव्हेच ते. एक सूर घ्यायचा, हळू, मध्यम, मोठ्याने. प्रत्येक चारदा, कारण माणूस एकच सूर दोनदा सारखा लावत नाही आणि मशीनने लावला की ऐकणाऱ्याला लगेच कळतं. सगळे सूर असे घ्यायचे म्हटल्यावर मी बोटांवर मोजायलाच लागले. पण मास्टर म्हणाले, एक गा, दोन सोड. मधले मशीन आपोआप ओढून भरतं. वा! काम एकदम तिसऱ्या हिश्शावर. आळशी माणसाला आणखी काय हवं?

९ मे, गुरुवार

सूर झाले, आता अक्षरं चाललीत. आ, ओ, म. मग ना, रा, वो. मास्टर म्हणतात अशी अक्षरं साठवली की त्यांतून हवे ते शब्द जुळवता येतात, गायिकेला पुन्हा बोलवायला नको. आज विचारलं, आईला काय हाक मारतेस? मी म्हटलं, एना, सगळेच मारतात तशी. मग अर्धा तास मी नुसतं 'एना' म्हणत होते. लाडाने, रागाने, दुरून, जवळून. रागावलेली एना सिनेमात कुठे लागणार आहे, असं मी विचारलं. मास्टर म्हणाले, काय लागेल ते आधी कुठे कळतं, पोरी.

आंटीचं वागणं मला पटत नाही. मी गाऊन बाहेर आले की ती बोळात बादली घेऊन उभी. दोन्ही दारं लावली तरी बोळात कान दिला की बारीक ऐकू येतं. आज मास्टर कुठल्याशा लढाईच्या दृश्याला जुन्या गायकवृंदाचा खालचा आवाज लावत होते, तर ही कपडे धुता धुता उठली, ओल्या हातांनी पळत आली आणि दाराला कान लावून उभी राहिली. मी थट्टेने म्हटलं, आंटी, मास्टरवर जीव जडला की काय? तिने माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू जागीच विरलं.

१२ मे, रविवार

इथल्या मेथडिस्ट चर्चला गेले. बंदीमुळे ढोल नाहीत, टाळ्या नाहीत, सगळे जणू लपून गात होते. पहिल्याच भजनात माझा एक सूर निघाला नाही. आवाज फाटला असं नाही. तोंड उघडं, श्वास चालू, आणि सुराच्या जागी नुसती हवा. पुढचा सूर ठणठणीत. पुढच्या ओळीत तो सूर आला, पुन्हा हवा. शेजारणीने कोपर मारलं. मी मिरचीवर ढकललं.

दुपारी आईला फोन. रविवारी मी तिला फोनवर एक गाणं म्हणते, तिच्या साथीशिवाय मला आठवडा संपल्यासारखा वाटत नाही. आज ती साथ द्यायची मध्येच थांबली. म्हणाली, अगं, तुझ्या आवाजाला भोकं पडलीत! उंदराने कुरतडला काय? मी म्हटलं, नेटवर्क. तर म्हणते कशी, नेटवर्क खातं तेव्हा अख्खा शब्द खातं, निवडून एकच सूर खायला ते काय तुझ्यासारखं चोखंदळ आहे?

मी हसले. नंतर मात्र बराच वेळ गळ्यावर हात ठेवून बसले होते.

१५ मे, बुधवार

मला कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

आम्ही चर्चवाले डो-रे-मी वाचून गातो, आणि आमचा डो काही खिळ्याने ठोकलेला नसतो. गाण्यागणिक वर-खाली सरकतो. म्हणून माझी फसगत झाली. रविवारी माझा 'सो' गेला होता. काल भांडी घासताना दुसरं गाणं गुणगुणले तर 'मी' गेला. आज सकाळी 'ला'. मी म्हटलं घसाच बसलाय, जिथे-तिथे फाटतोय. मास्टर बाहेर गेल्यावर सहज की-बोर्डपाशी बसले आणि एकेक पट्टी दाबून आवाज लावून पाहिला.

रविवारचा 'सो', कालचा 'मी' आणि आजचा 'ला' ही एकच पट्टी आहे. जिथे-तिथे नाही, एकाच जागी भोक आहे. आणि अशी एकच नाही. एक गेलेली, दोन शाबूत. पुन्हा एक गेलेली, दोन शाबूत. वरपासून खालपर्यंत.

मी दिलेले सूर माझ्याकडे नाहीत.

डॉक्टरला काय सांगू? आईला काय सांगू? मास्टर आल्यावर त्यांना सांगितलं, घसा दुखतोय, दोन दिवस सुट्टी द्या. त्यांनी कुठे दुखतो हे विचारलं नाही. कुठल्या सुरापासून दुखतो, हे विचारलं.

१८ मे, शनिवार

कोपऱ्यावर केंके विकणारी कोर्कोई बडबडी आहे. तिला म्हटलं, आमची मुकी आंटी बिचारी. तर बाई खो-खो हसत सुटली. म्हणाली, "मुकी? अदोले? अगं, ती गायला उठली की पाद्री आपणहून खाली बसायचा! चार वर्षांपूर्वी आवाज बसला तिचा, ह्याच बंदीच्या महिन्यात. महिनाभर सगळेच तोंड मिटून, कोणाच्या लक्षात येणार? बंदी उठली, ढोल वाजले, सगळ्यांनी तोंडं उघडली, आणि हिचं उघडलं तर आत काही नाही!"

आणि मग तिने मला विचारलं, ताई, मिरची जास्त हवी की कमी. मी पैसे देऊन केंके तिथेच विसरून आले.

बंदी हीच त्याची सुगी. असं तो स्वतःच म्हणाला होता. मीच मान डोलावली.

२० मे, सोमवार

म्हटलं, आपण काय कमी आहोत? आज मुद्दाम प्रत्येक सूर केसभर खाली लावला. खोटा सूर ने, खरा माझ्यापाशी राहू दे. मास्टरना कळलं नाही असं होणं शक्यच नव्हतं. पण ते रागावले नाहीत. पडद्यावर माझा आवाज एका रेषेसारखा दिसत होता, ती त्यांनी चिमटीत धरल्यासारखी अलगद वर ओढली. सूर जागेवर बसला. म्हणाले, "पोरी, खाली लावलास तरी काही बिघडत नाही. वर घेता येतो."

दुपारी पाहिलं. खोटाही गेला, खराही गेला. हात दाखवून अवलक्षण.

२१ मे, मंगळवार

सांगून टाकलं, मी जाते. वाटलं होतं अडवतील. म्हणाले, जा की. काम झालंय. राहिलंय ते मधलं भरणं, त्याला तुझी गरज नाही.

कपड्यांची पेटी घेऊन स्टँडवर गेले. तोवर दुपार झाली होती आणि तो आत बसून भरत असणार. ट्रोट्रोच्या कंडक्टर पोराला म्हटलं, केप कोस्ट. त्याला कळेना. पुन्हा म्हटलं. तो हसायला लागला. माझं बोलणं एकाच पातळीवर निघतंय, सपाट, ना चढ ना उतार. आमच्या भाषेत सूर गेला की शब्दच राहत नाही. गाडीतली माणसं वळून बघायला लागली. बोटाने दाखवून बसता आलं असतं. पण बसून जाणार कुठे? आईकडे? दारात उभी राहून काय म्हणणार? ती मला फक्त आवाजाने ओळखते. तो नसेल तर मी तिच्या दारातली कोणी परकी बाई.

परत आले. आवाज या घरात आहे, तो घेतल्याशिवाय जायचं नाही. आंटीने माझी पेटी वर नेली.

२३ मे, गुरुवार

तो शूटिंगला गेलाय. स्टुडिओची किल्ली आंटीच्या कमरेला असते. मी हात पुढे केला, तिने दिली. कसलीच खळखळ नाही, याचंच नवल वाटलं.

कॉम्प्युटरवर नावं. अकरा. सगळी बायकांची. दहावं अदोले. अकरावं अराबा. माझं उघडलं, पट्ट्यांची रांग, एकही जागा रिकामी नाही. मधलेही भरलेत.

पुसून टाकायला बोट नेलं तर आंटीने मनगट धरलं. एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. मान हलवली. तिसरं नाव उघडून दाखवलं, आत काही नव्हतं. मग हात आडवा फिरवला. इकडूनही गेलं, तिकडूनही गेलं. पुसलं तर कुठेच राहत नाही.

मग तिने स्वतःच्या नावातली एक पट्टी दाबली. काय आवाज! ओल्या मातीसारखा. आंटीने स्पीकरला गाल टेकला आणि डोळे मिटले.

ती इथे का राहते ते कळलं. मला तिची कीव आली आणि तिची भीतीही वाटली.

२६ मे, रविवार

आईला फोन लावला. श्वासाशिवाय काही जाईना. ती म्हणाली, कोण? मी पुन्हा जोर केला. ती म्हणाली, "कोण रे मेल्या? माझ्या पोरीचा फोन चोरलास? आत्ता सकाळीच बोलली ती माझ्याशी. गायलीसुद्धा. एक भोक नव्हतं आवाजात."

आणि तिने फोन ठेवला.

मी सकाळी फोन केला नव्हता. मी चर्चमध्ये होते. फोन खोलीत होता.

२७ मे, सोमवार

आईला वाचता येत नाही. आईच्या शेजारच्या एकुबाताईला लिहिलं — मी अराबा, माझा आवाज गेलाय, फोनवर माझ्या आवाजात कोणी बोललं तर विश्वास ठेवू नका, आईला सांगा.

तिचं उत्तर आलं. अराबाशी मी आत्ताच बोलले, ती मजेत आहे. असले संदेश पाठवून लोकांना लुबाडणारे आम्हाला माहीत आहेत. लाज वाटू दे.

चूक तिची तरी कशी म्हणू? मीसुद्धा हेच लिहिलं असतं. उलट दोन शिव्या जास्त.

२८ मे, मंगळवार

बोळात उभी होते. आत मी हसत होते.

हसणं मी दिलं नव्हतं. हसणं कधीच मागितलं नव्हतं त्याने. मधलं भरलंय.

मग आतून — एना, ये ना गं इकडे. मास्टरना तुझा आवाज ऐकायचाय. खोली मोठी आहे. समुद्र आहे.

लाडाची एना. तीच.

पहिल्या दिवशी त्याने आईची एवढी चौकशी का केली होती — आणि मला वाटलं, काय भला माणूस आहे —

३० मे, गुरुवार

एकुबाताईचा संदेश. चोरीला गेलेला फोन परत मिळाला, असं त्या आवाजाने तिला सांगितलं असणार. उद्या दहाच्या गाडीत बसवते तिला. तू सांगितल्याप्रमाणे नवा कपड्यांचा जोड घेतलाय तिने. फार खूश आहे. म्हणते डोळे गेलेत, तोंड शाबूत आहे, विचारत विचारत पोहोचेन.

फाटकाला कुलूप. किल्ली त्याच्या खिशात.

३१ मे, शुक्रवार

गच्चीवरून पातेली बडवली. रस्त्यापर्यंत ऐकू जावं, लोक जमावेत, तिने परत फिरावं. लोक जमले. राजवाड्याची माणसं आली. बंदी मोडली म्हणून पातेली घेऊन गेली. त्याने हात जोडले, माझ्याकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं. सगळ्यांना पटलं.

दीड वाजता — काठीचा आवाज —

आली. फाटक त्यानेच उघडलं. मी धावत जाऊन तिचे हात धरले, माझ्या तोंडावरून फिरवले. नाक, गाल, ओठ. एना, मी. मी आहे. तिने चाचपलं. गाल तिच्या हाताखाली ओले झाले. म्हणाली, "कोण गं बाई तू? बोलत नाहीस? बिचारी. माझी अराबा कुठाय?"

आणि आतून — आले, एना! — असा आनंदी आवाज —

तिचा चेहरा असा उजळला. माझे हात सोडून ती तिकडे गेली.

दोन्ही दारं लागली. बाहेरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला.

मोठा खटका बोळातच आहे. ओढला की अख्ख्या घराची लाईट जाईल. मशीन बंद, माइक बंद, तिचा सूर तिच्यापाशीच राहील. किती सोपं. आधी कसं सुचलं नाही. डावा हात खटक्यावर आहे. उजव्याने हे लिहितेय, कोणाला तरी —

आई गायला लागली. एक सूर. हळू. मध्यम.

ओढते.

आता आतून मीही. तिने धरलं, मी साथ दिली. फोनवर नाही, शेजारी उभी राहून, ईस्टरसारखी. काय गातेय मी — देवा, असं मी कधीच गायले नव्हते — आई हसतेय — ओळीच्या शेवटी दोघी बरोबर खाली घसरतोय —

लाईट गेली तर हेही थांबेल. मीही.

आंटी माझा हात बघतेय. खटक्यावरचा.

ओढते. हे कडवं संपू दे. एवढं एकच कड